नाण्यावरचा पाठमोरा राजा

वैशाखी पौर्णिमेला आमच्या विहारात एक छोटं नाटक करायचं ठरलं आणि राजाचे कपडे माझ्या गळ्यात पडले. मी भोरला शिवणकाम करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळांचे गणवेश, हे माझं रोजचं काम. स्नेहसंमेलनांसाठी मावळे, वासुदेव, एकदा तर अख्खं झाड शिवलंय मी हिरव्या अस्तराच्या कापडाचं. पण या नाटकातला राजा वेगळा होता. तो ग्रीक होता.

राजा मिलिंद हे नाव आमच्या बौद्ध घरांत लहानपणापासून कानावर पडतं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी तो पार वायव्येला, पंजाब-अफगाणिस्तानकडच्या मुलखावर राज्य करत होता. लढवय्या होता. त्यानं एका भन्तेंना, म्हणजे बौद्ध भिक्खूंना, प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि शेवटी तो उपासक झाला, अशी कथा सांगतात. आमच्यात चार घरं फिरलात तर त्या नावाचा एक तरी मुलगा सापडतो. माझ्या धाकट्या भावाचं नावही तेच आहे. कापूरहोळला हायवेच्या कडेला त्याचं ट्रक-टेम्पो दुरुस्तीचं गॅरेज आहे. राजाचं काम कुणी करायचं यावर फारशी चर्चा झालीच नाही. नाव तयार होतं, उंची होती, आणि ट्रकखाली पडून बोलायची सवय असल्यामुळे आवाजही खणखणीत होता.

नाटक लिहिलं आमच्यातल्या एका गुरुजींनी. ते प्राथमिक शाळेत शिकवतात. भन्तेंचं काम तेच करणार होते. राजा कसा दिसावा हे दाखवायला त्यांनी एका जुन्या कॅलेंडरचं पान आणलं. त्यावर मोठा सोन्याचा मुकुट, गळ्यात मोत्यांच्या माळा, पिळदार मिशा आणि हातात तलवार असलेला राजा होता. हा पोशाख पुण्यात भाड्यानं मिळतो, तुम्ही फक्त खालचं सोवळं शिवा, असं ते मला म्हणाले.

मी ते पान दुकानात टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवलं. येता-जाता बघायची. असाच राजा मी कृष्णाच्या गोष्टीतही पाहिला होता, हरिश्चंद्राच्याही. मग ग्रीक माणूस यांच्यासारखाच दिसत होता का? त्यांच्या थंडीच्या मुलखात लोक उघड्या छातीवर मोती घालत होते? मोबाईलवर शोधलं तर पांढऱ्या दगडाचे नागडे पुतळे आले, सिनेमातले लोखंडी चिलखतवाले आले, आणि दर चित्रात राजा निराळा. खरा कोणता, हे कळेना.

एक दिवस ब्लाउजची मापं द्यायला आलेल्या एका बाईनं ते पान पाहिलं. ती आंबवड्याच्या बाजूला एका निवृत्त इंजिनिअरांच्या घरी स्वयंपाकाला जाते. ती म्हणाली, आमच्या साहेबांना जुन्या नाण्यांचा नाद आहे, त्यांच्याकडं परदेशी राजांची पण नाणी आहेत, त्यांना विचारा की. मी म्हटलं, नाण्यावरून कपडे कसे कळणार? ती म्हणाली, ते काय मला माहीत नाही, पण साहेब ती नाणी भिंगातून बघत बसतात, काहीतरी दिसत असेलच.

तिनंच त्यांना विचारून ठेवलं. रविवारी मी गेले. पर्समध्ये टेप होतीच, ती सवयीनं असते.

साहेब सत्तरीचे असतील. त्यांनी सगळ्यात आधी, कशासाठी बघायचंय, हे नीट विचारून घेतलं. राजाचे कपडे शिवायचेत म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. म्हणाले, लोक येतात ते याची किंमत काय, हेच विचारतात. मग त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर मखमलीचा तुकडा पसरला आणि प्लास्टिकच्या गोल डबीतून एक नाणं काढून त्यावर ठेवलं.

मला वाटलं होतं राजाचं नाणं म्हणजे चांगलं बंद्या रुपयाएवढं असेल. हे कोटाच्या बटणाएवढं होतं. चांदीचं, कडेला थोडं वाकडं. साहेबांनी दिवा जवळ घेतला, भिंग माझ्या हातात दिलं, आणि मी वाकले.

पहिल्यांदा काहीच उमजेना. मग एकदम माणूस दिसला. आणि तो माझ्याकडं पाठ करून उभा होता.

खरंच, पाठ होती ती. मानेखालचा खळगा, खांद्याचं हाड, सगळं दिसत होतं. चेहरा डावीकडं वळवलेला, नाक सरळ, मिशी नाही, दाढी नाही. तरुण. एक हात वर उचललेला आणि त्यात भाला. समोर, आपल्याला न दिसणाऱ्या कुणावर तरी तो भाला फेकायच्या बेतात होता. माझा सगळा जन्म बायकांच्या पाठींची मापं घेण्यात गेला, पण पाठ दाखवणारा राजा मी आयुष्यात पाहिला नव्हता. फोटो काढताना आपण तोंड पुढं करतो. यानं आपल्या पैशावर पाठ का छापली?

साहेब म्हणाले, नक्की माहीत नाही. लढणारा राजा दाखवायची ती एक पद्धत असावी. तुम्ही त्याच्या मागं उभे आहात, त्याच्या सैन्यात आहात, असं वाटायला लावायचं असेल कदाचित. पण हा माझा तर्क, असंही ते लगेच म्हणाले.

मी मुकुट शोधत होते. मुकुट नव्हता. केसांभोवती एक पट्टी होती, आणि डोक्यामागं तिची गाठ मारून दोन टोकं मानेवर सोडलेली. साहेबांनी सांगितलं की तोच त्यांचा मुकुट. सोनं नाही, हिरे नाहीत, कापडाची पट्टी. ती ज्याच्या डोक्याला तो राजा. मला इतकं हसू आलं. बोटभर रुंदीची पट्टी, दोन्ही कडा दुमडून टीप मारली की झालं. तेवढ्यासाठी आम्ही पुण्याहून मुकुट आणणार होतो.

मग त्यांनी बाकीच्या राजांचे मोठे केलेले फोटो दाखवले. ती नाणी त्यांच्याकडं नव्हती, जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत म्हणाले. सिकंदराच्या नाण्यावर सिंहाचं कातडं डोक्यावर ओढलेला वीर, सिंहाचा जबडा थेट कपाळावर. ग्रीकांचा कुणी दैवी योद्धा तो, पण पुढं लोक त्याला सिकंदरच समजू लागले. एका राजाच्या डोक्यावर हत्तीच्या डोक्याचं कातडं, सोंड वर वळलेली. एकाच्या शिरस्त्राणाला बैलाचं शिंग आणि कान. त्यातल्या कितीतरी राजांबद्दल कुठल्याही ग्रंथात एक ओळ सापडत नाही. नाणं मिळालं म्हणून तो राजा होता हे कळलं, नाहीतर कुणाला पत्ताही लागला नसता. मी विचारलं, म्हणजे नाणं सापडलं नसतं तर? ते म्हणाले, तर तो राजा झालाच नाही असं आपण म्हटलं असतं.

आमच्या राजाच्या एका खांद्यावरही काहीतरी होतं. मला ती शाल वाटली, पण तिची कड वेडीवाकडी, वळवळल्यासारखी होती. साहेब म्हणाले, ती शाल नाही. बकऱ्याचं कातडं आहे. त्यांच्या देवांची ती ढाल, कडेला साप लावलेले. राजा ते पांघरायचा म्हणजे देवाचं बळ त्याच्या पाठीशी, असा अर्थ.

मी टेपनं काहीच मोजलं नाही. कागदावर पाठीचं चित्र मात्र काढून आणलं.

तालमीला मी ते चित्र सगळ्यांना दाखवलं. पट्टीवर गुरुजी खूश झाले, भाड्याचे पैसे वाचणार म्हणून. भाऊ उघड्या पाठीवर अडला. तो म्हणाला, म्या सगळ्या आयाबहिणींसमोर उघडाबंब न्हाई हुबा राहणार. त्याला मी गुडघ्यापर्यंतचा बिनबाह्यांचा झगा कबूल केला. मग मी खांद्याचं सांगितलं. बकऱ्याचं कातडं होतं ते, आणि वेल्ह्याकडं वरच्या वाड्यावस्त्यांवर माझी ओळख आहे, तिथं एखादं कमावलेलं कातडं मिळेल, असं म्हणाले.

माझे चुलते भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. ऐंशीला आलेत. रोज तालमीला यायचे आणि गुरुजींच्या वाक्यांना मान हलवायचे. कातड्याचं ऐकल्यावर ते उठले, चपला घातल्या आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, पाय अवघडले असतील.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते. बस म्हणाले. चहा झाला. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली.

त्यांच्या लहानपणी गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या आजोबांकडं असायचं. आजोबांकडं म्हणजे आमच्या सगळ्या आळीकडं. रात्र असो, पाऊस असो, निरोप आला की जायचं. ओढायचं, सोलायचं. तात्या आजोबांबरोबर एकदा गेले होते. तो वास पुढं कितीतरी दिवस जेवताना हाताला येत राहिला, असं ते म्हणाले. मग धर्मांतराच्या आगेमागे आळीनं ठरवलं, हे काम बंद. गावानं धान्य बंद केलं, पाण्याला अडवलं. आजोबा भोरला खडी फोडायच्या कामावर चालत जायला लागले. पण मेल्या जनावराला त्यांनी परत हात लावला नाही.

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या वडिलांनी यातलं कधी काही सांगितलं नव्हतं. आजोबा खडीवर होते एवढंच ठाऊक होतं; खडीवर का गेले, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

मी तात्यांना सिंहाच्या आणि हत्तीच्या कातड्याचं सांगितलं. ते राजे मोठेपणासाठी ते पांघरत, असं म्हणाले. तात्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, “त्यांनी सिंव्ह मारला आन मिरवला. आमाला दुसऱ्याचं मेलेलं वढाया लावलं. दोनी कातडीच, पर फरक लई हाय. माझ्या बापानं जे दारातनं भाईर टाकलं ते माझ्या पुतण्याच्या खांद्यावर न्हाई पायजे.”

मी लगेच हो म्हटलं. पण घरी येताना डोक्यात तेच घोळत होतं. खांदा मोकळा ठेवला तर तो राजा वाटणार नव्हता. तागाचं पोतं कापावं, की गोधडी घ्यावी? आणि मग एकदम घोंगडी आठवली. मी पुन्हा मागं वळले. तात्या तिथंच बसले होते. लोकर चालेल का, असं मी विचारलं. त्यांनी उलट विचारलं.

“मेंढरू जितं ऱ्हातं ना?”

“ऱ्हातं की. कातरून घेत्यात.”

“मग काय, घाल.”

सुरुवातीची काही वर्षं माझं मशीन वेल्ह्याला होतं. त्या काळापासून वरच्या वस्तीवरची एक मावशी माझी गिऱ्हाईक आहे. मेंढरं, शेरडं आणि चार म्हशी असं त्यांचं घर. भोरला आल्यावरही तिनं मला सोडलं नाही. वर्षातून एकदा गठ्ठाभर कापड पाठवून देते. मी सकाळच्या एसटीनं कापूरहोळ, तिथून नसरापूर आणि पुढं वेल्हे अशी गेले. तिथून जीप, आणि जीपनं सोडल्यावर चढ. तोरणा सगळी वाट उजव्या हाताला होता. उन्हानं गवत पार पिवळं पडलं होतं.

मावशीला मी घोंगडी मागितली, राजासाठी हवीय म्हणाले. त्या मुलखात राजा म्हटलं की दुसरा कुणी मनात येतच नाही. ती म्हणाली, महाराजांना घोंगडी कशाला, त्यांना शेला दे की. मग मी समजावलं, आपले महाराज नाहीत, त्याच्याही कितीतरी आधीचा, लांबचा राजा आहे, परदेशातून आलेल्या लोकांतला, आणि तो खांद्यावर बकऱ्याचं कातडं घ्यायचा. तिला ते फार आवडलं. त्यांच्यात शेरडं होती व्हय, असं तिनं दोनदा विचारलं. राजा स्वतः राखायचा का? मला ठाऊक नव्हतं. त्याच्या देशात डोंगर होते का? ते मात्र साहेबांनी सांगितलं होतं, डोंगर खूप होते. मग बरोबर, ती म्हणाली, डोंगर असला की शेरडू येतंच.

तिनं आतून दोन घोंगड्या आणल्या. दोन्ही त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीच्या, सणगराकडून विणून घेतलेल्या. एक नवी, काळीभोर. दुसरी अर्धी फाटलेली. नवी घेऊन जा, काम झाल्यावर पाठव, असा तिचा आग्रह होता. मला कापायची होती, म्हणून मी फाटकी घेतली. ती बकऱ्याची नाही, मेंढीची आहे, राजाला चालेल का, असं तिनं निघताना विचारलं. मी म्हटलं, राजाला विचारून सांगते.

इकडं तात्यांनी वेगळंच काढलं होतं. त्यांना ते नाणं बघायचं होतं. भावानं गॅरेजवरचा एक दुरुस्त झालेला टेम्पो मालकाला विचारून घेतला आणि आम्ही तिघं आंबवड्याला गेलो. साहेबांना आधी फोन केला होता.

तात्यांनी नाणं तळहातावर घेतलं. भिंग नको म्हणाले, आधी तसंच बघू द्या. बराच वेळ त्यांनी ते हातावर नुसतं वागवलं. मग भिंगातून पाहिलं. मग नाणं उलटं केलं. मागच्या बाजूला त्यांची देवी होती, हातात ढाल घेतलेली, वीज फेकणारी. तिच्याभोवती गोल अक्षरं होती. तात्यांनी विचारलं, इकडची अक्षरं तिकडच्यासारखी का नाहीत?

साहेबांनी सांगितलं की पुढच्या बाजूचं ग्रीक आहे आणि मागचं त्या मुलखातल्या लोकांच्या भाषेत, त्यांच्या लिपीत. ती उजवीकडून डावीकडं वाचतात. त्यांनी पेन्सिलीचं टोक अक्षरांवरून हलकेच फिरवत वाचून दाखवलं, “महाराजस त्रातरस मेनंद्रस.”

भाऊ टेबलापासून लांब उभा होता, हाताला तेल असेल म्हणून. तो पुढं आला. परत म्हणा, म्हणाला. साहेबांनी परत म्हटलं.

“महाराजस म्हंजी महाराजांचं?”

“महाराजांचं. तारणाऱ्या महाराज मेनंद्रचं. हे नाणं त्याचं, असं.”

“ह्यात अवघड काय हाय मग,” भाऊ म्हणाला. “कळतंय की.”

दोन हजार वर्षं जुना पैसा, परका राजा, इतक्या लांबचा मुलूख, आणि भोरच्या गॅरेजवाल्याला त्यातला शब्द ऐकून कळला. साहेब म्हणाले की ही आपल्या भाषेची लांबची जुनी नातेवाईक. मिलिंद आणि मेनंद्र, नाव एकच, तोंडातोंडी बदललं. भावानं स्वतःचं नाव तसं म्हणून बघितलं, दोन-तीनदा, हळू आवाजात.

तात्यांचे प्रश्न मात्र संपेनात. हा राजा इकडं भोरपर्यंत आला होता का? त्याची नाणी गुजरातच्या बंदरापर्यंत फिरत होती, त्याच्या पुढचं माहीत नाही, असं साहेबांनी सांगितलं. आपला वरंध्याचा घाट उतरला की कोकणातली बंदरं, तात्या म्हणाले. म्हणजे एखादं इकडं आलंही असेल? असेल, पण सापडल्याचं ऐकलेलं नाही, साहेब म्हणाले. राजाच्या अंगावर जखमा होत्या का? माहीत नाही. हा चेहरा खरंच त्याचाच, की कोरणाऱ्यानं मनानं काढला? त्याचाच असावा, कारण वेगवेगळ्या ठशांवर तेच नाक आहे. साहेब प्रत्येक उत्तराला वेळ घेत होते आणि माहीत नसेल तिथं सरळ माहीत नाही म्हणत होते. तात्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. ते पुढचा प्रश्न काढत.

मग त्यांनी जे विचारलं त्यासाठीच ते आले होते, असं मला वाटतं.

“ह्यानं हितं भाला उगारलाय. मंग ह्यो भन्तेंपुढं बसला तो ह्याच्या आदी, का नंतर?”

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, हाच प्रश्न मलाही पडतो. नाणं सांगत नाही. त्याच्या काही तांब्याच्या नाण्यांवर आठ आऱ्यांचं चाक आहे. कुणी अभ्यासक म्हणतात ते धम्मचक्र, कुणी म्हणतात राजेपणाचं साधं चिन्ह. शेवटपर्यंत तो लढत होता असंही दिसतं. दोन्ही एकाच वेळी चालू असेल, असं मला आपलं वाटतं.

“दोनी एकदम,” तात्या म्हणाले, आणि नाणं मखमलीवर ठेवलं.

परतीच्या वाटेवर टेम्पोत भाल्यावरून खल सुरू झाला. गुरुजींनी लिहिलं होतं की राजा तलवार फेकून देतो आणि भन्तेंच्या पाया पडतो. टाळ्या मिळायची जागा ती. भाऊ म्हणाला, ह्या माणसानं काही फेकलं असेल असं त्याच्या पाठीकडं बघून वाटत नाही. तात्या म्हणाले, मग फेकू नको. खाली ठेव. हाताच्या अंतरावर ठेव आणि बस. तालमीला गुरुजी आधी तयार होईनात. पण तात्यांनी त्यांना बाजूला घेऊन बराच वेळ काही सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी संहितेत ते वाक्य खोडलेलं होतं.

कपड्यांना मला चार दिवस पुरले. झगा जाड सुती कापडाचा, मातकट पांढरा. पट्टी मी तीनदा शिवली. पहिल्यांदा फार रुंद झाली, आजारी माणसाच्या कपाळावरच्या ओल्या फडक्यासारखी दिसायला लागली. दुसऱ्यांदा तिची टोकं वेणीच्या रिबिनीसारखी फुलली. शेवटी आत जाड अस्तर घातलं आणि टोकांना तिरका काप दिला, तेव्हा ती नाण्यावरच्यासारखी मानेवर पडली. घोंगडीचा तुकडा एका खांद्यावरून छातीपर्यंत. कडेला मी लोकरीचे पीळ देऊन लहान लहान शेपट्या सोडल्या, साप म्हणून. माझ्या सुनेला त्या आमसुलांच्या माळेसारख्या वाटल्या.

पौर्णिमेला विहारासमोरचं मैदान भरलं होतं. वंदना झाली, भाषणं झाली, मग नाटक. भाऊ आला तेव्हा लोकांत कुजबुज झाली. मुकुट कुठाय, मागं बसलेली एक बाई म्हणाली. मी पडद्याच्या कडेला सुईदोरा घेऊन उभी होते. त्यानं आंबे काढायच्या वेळूचा केलेला भाला उचलला, लोकांकडं पाठ केली, चेहरा डावीकडं वळवला आणि तसाच थांबला. घोंगडी खांद्यावर, पट्टीची टोकं मानेवर. तो मला भाऊ वाटलाच नाही. कुजबुज थांबली.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. भावानं भाला खाली ठेवला आणि बसला. पहिले प्रश्न नीट आले. मग तो अडकला. गुरुजींनी ओठांतल्या ओठांत वाक्य सांगायचा प्रयत्न केला, पण माईकची खरखर होती. भाऊ जमिनीकडं बघत राहिला. माझ्या हातातली सुई मला टोचली. आणि मग तो आपल्या रोजच्या आवाजात म्हणाला, “भन्ते, आमाला ठाऊकच न्हाई असं लई काय काय आसंल. ते कसं इचारायचं?”

हे लिहिलेलं नव्हतं. गुरुजी सावरून बसले. मग म्हणाले, “महाराज, आता इचारलंत तसंच.”

लोक हसले, पण चांगलं हसले. पुढं सगळं सुरळीत झालं. साहेब खुर्चीवर बसून बघत होते. नंतर त्यांनी येऊन घोंगडीची कड बोटांनी चाचपली आणि शेपट्या मोजून किती लावल्या, ते विचारलं. मला सांगता आलं नाही. मावशीला मी भावाचा पाठमोरा फोटो तिच्या नातवाच्या मोबाईलवर पाठवला. तिचा उलट निरोप आला की घोंगडी शोभतेय, पण राजानं पायात काहीतरी घालायला हवं होतं, डोंगरात काटे असतात.

नाटक बघायला भोंगवलीची काही मंडळी आली होती. त्यांनी त्यांच्या गावी प्रयोग करायला बोलावलं. पुढच्याच आठवड्यात आम्ही टेम्पोतून निघालो. साहेबही आले, पुढच्या सीटवर तात्यांच्या शेजारी. मी मागं कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. मधली खिडकी उघडी असल्यामुळं त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

तात्यांनी विचारलं, राजा मेला कसा? साहेबांनी सांगितलं की एका ग्रीक लेखकानं त्याच्याबद्दल थोडंसं लिहून ठेवलंय. राजा लष्कराच्या छावणीत वारला. मग त्याच्या राखेवरून त्याच्या शहरांमध्ये वाद झाला. प्रत्येक शहराला ती हवी होती. शेवटी सगळ्यांनी ती वाटून घेतली आणि प्रत्येकानं आपापल्या शहरात नेऊन त्यावर स्मारक बांधलं.

बुद्धांच्या अस्थींचं असंच झालं होतं, हे टेम्पोतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भावानं गिअर बदलला. रस्त्याकडेला वांग्यांची शेतं लागली.

“कंच्या कंच्या शहरात?” तात्यांनी शेवटी विचारलं.

“त्यानं नावं दिली नाहीत.”

“द्याला पायजे हुती,” तात्या म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा मान वळवली. “पर त्या लेखकाला तरी ही बातमी कुनी दिली आसंल?”

साहेब म्हणाले, ते शोधायला पाहिजे. आणि मग भोंगवली येईपर्यंत ते दोघं कोण कोण ती बातमी घेऊन गेलं असेल, व्यापारी की सैनिक, आणि समुद्रानं की डोंगरातून, यावर बोलत राहिले.